एल्मोरच्या गाडीवर हात ठेवून केलेली प्रार्थना

थोरली बहीण लुव्हीनिया हिला धाकट्या अर्व्हेलाचा प्रभू येशूच्या नावात सलाम, आणि घरातल्या लहानमोठ्यांना जसा ज्याचा मान तसा नमस्कार.

ताई, तुझ्या पायांची सूज उतरली का? मिठाचं खातेस अजून, मला माहीत आहे, नाही म्हणू नकोस. तुमच्या डेट्रॉइटला आता जरा गारवा सुरू झाला असेल. आमच्या साउथ कॅरोलिनात मात्र चर्चच्या बाकांचं पॉलिश उन्हाने पाठीला चिकटतंय, आणि परवा उठून उभी राहिले तर अर्धा झगा बाकावरच राहतो की काय असं झालं. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण आपला नातू टायरीक दिवसभर घरात पडून असतो आणि या घराच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस. तिसरीतून उठवून तंबाखूच्या शेतात नेलेल्या बाईचं अक्षर तंबाखूच्या पानांसारखंच असणार, एक इकडे झुकलेलं, एक तिकडे.

मी बरी आहे. बरी कसली, आनंदात आहे! हे वाचून तू चष्मा पुसशील, कारण इथल्या कोणी ना कोणी तुला कळवलंच असेल की अर्व्हेलाच्या घरात परत दुखवटा आलाय. तसं पाहिलं तर खरं आहे. टायरीक माझ्याशी बोलत नाही. चर्चमधे मी बसले की बाक रिकामा होतो. फक्त म्हातारी मिसेस सिंगल्टरी शेजारी बसते, आणि तीसुद्धा तिला ऐकू येत नाही म्हणून. सगळ्या गावाचं तोंड उतरलंय आणि मी एकटी मधोमध बसून गालात हसते, हे बरं दिसत नाही, म्हणून मी पंखा तोंडापुढे धरते (त्या अंत्यविधीच्या दुकानदाराने वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा, आता तेवढाच कामाचा). तर झालं काय, ते पहिल्यापासून सांगते.

आपला एल्मोर ज्या शर्यतीच्या मोटरसायकलवर गेला ती गाडी इतके दिवस माझ्या शेडमधेच होती, हे तुला माहीत आहे. तू मातीला आलीस तेव्हा मी तिच्यावर चादर टाकली होती. पाइनच्या झाडीतली ती शर्यतीची पट्टी, तिच्या शेवटी डांबर संपतं आणि झाडं सुरू होतात, तिथे माझा मुलगा थांबला तो थांबलाच. आणि गाडीला काय झालं? हँडल वाकलं, रंग खरचटला. मला त्या गाडीचा राग आला तो यासाठी. आपण मेलो तर निदान आपल्याबरोबर आपल्या वस्तूंनी थोडं तरी मोडावं की नाही? टायरीकने मात्र बापाला पुरून आल्यावर महिनाभरात ते हँडल सरळ केलं. त्याची आई शार्लटला नव्या संसारात. त्याला विचारणार कोण? मी. आणि मी विचारलं की तो म्हणायचा, “आजी, मी नुसतं इंजिन चालू करून बघतो.” नुसतं इंजिन चालू करून बघता बघता पोरगा दर शनिवारी त्या पट्टीवर बसलेला.

आता ती गाडी म्हणजे काय प्रकरण आहे हे समजल्याशिवाय तुला पुढचं कळायचं नाही. तिला टर्बो आहे. टर्बो म्हणजे धुराच्या वाटेत बसवलेली भिंगरी. धूर बाहेर पडताना तिला गरगरा फिरवतो आणि ती पलीकडून हवा ओढून इंजिनात कोंबते. हवा कोंबली की तापते (सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड धरून बघ), आणि तापलेली हवा नुसती फुगलेली असते, दिसायला पोतंभर आणि आत मूठभर. म्हणून तिला वाटेत गार करायची. बाकीचे लोक गाडीच्या तोंडाशी जाळी लावतात, वाऱ्याने गार होईल म्हणून. एल्मोर त्यांना हसायचा. म्हणायचा, उभ्या गाडीला वारा कुठला, आणि आपली शर्यत तर एक शिंक येऊन जाईपर्यंत संपते. त्याने स्वतः पत्रा कापून, जोडून एक डबा केला. सीटच्या पाठीमागे टाकी, तिच्यात बर्फाचं पाणी. एक चिमुकला पंप ते पाणी डब्यात फिरवतो, डब्यातल्या नळ्यांमधून ती तापलेली हवा जाते आणि पलीकडून डिसेंबरातली होऊन निघते. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, “अरे, हे तर तुझ्या आजोबांचं पिंप!” (आपले बाबा ओढ्यापलीकडे भट्टी लावायचे तेव्हा वाफेची तांब्याची नळी थंड पाण्याच्या पिंपातूनच न्यायचे की नाही? तू पाणी ओतायचीस, मी पोलीस येतात का ते बघायचे. हे पत्र तुमच्या रेव्हरंडना वाचायला देऊ नकोस.) एल्मोर हसून हसून खाली बसला. म्हणाला, “आई, बर्फ आहे तोवर माझ्यापुढे कोणी नाही. बर्फ वितळला की मी सायकलवरचा पोस्टमन.”

त्या बर्फापायी मी काय सोसलं! माझ्या फ्रीजरमधे कोंबडी ठेवायला जागा नाही, नुसत्या बर्फाच्या पिशव्या. चहात घालायला मागितला तर म्हणायचा, आई, हा चहाचा बर्फ नाही. तुला आठवतंय, मातीनंतर सगळे घरी जेवायला आले, तळलेले मासे झाले, भात झाला, वालाच्या शेंगा झाल्या, आणि गोड चहा लोकांनी कोमट प्याला? फ्रीजर बर्फाने भरलेला होता, ताई. त्याने शुक्रवारी भरून ठेवला होता शनिवारसाठी. त्याला हात लावायचं कोणाचं धाडस होईना. तू मला तेव्हा हळूच म्हणालीस, अर्व्हेला, निदान बर्फ तरी आणायचास. मी मासे उलटत राहिले. बोलले असते तर परत रडले असते, आणि मासे जळले असते.

असो. तर या उन्हाळ्यात बातमी आली की ती पट्टी विकली. तिथे गोदामं होणार. शेवटचा शनिवार ठरला, आणि सरकारी कागद आला की सूर्य मावळायच्या आत सगळं आटपायचं, नंतर दिवे बंद. माझ्या मनात म्हटलं, प्रभू, तू ऐकलंस. पण पट्टी बंद होणार म्हटल्यावर गावाला जुनी भांडणं आठवली. त्यातलं सगळ्यात जुनं भांडण एल्मोरचं आणि डीकन आयझम गॅड्सनचं. (हाच तो, आपल्याच चर्चचा डीकन. रविवारी दानाची थाळी फिरवतो, शनिवारी गाड्या पळवतो, आणि दोन्हीकडे सारखाच घाम गाळतो.) डीकनच्या गाडीला टर्बो नाही, बर्फ नाही. बाटलीतला गॅस सोडतो इंजिनात, झालं. तो एल्मोरला म्हणायचा बर्फवाला, एल्मोर त्याला म्हणायचा गॅसवाला. कोणाची गाडी खरी, याचा निकाल कधी लागलाच नाही. एकदा याचा टायर फाटला, एकदा त्याच्या पोटात दुखलं. आणि आता चर्चच्या मासे तळायच्या दिवशी डीकन सगळ्यांसमोर टायरीकला म्हणाला, “काय रे, बापाची गाडी पळवायला ठेवलीयस की पुजायला?”

टायरीक म्हणाला, “डीकन, तुमचं अर्धं इंजिन तर तुमचं पोट ओढण्यातच जातं.”

“मी कुठे बसतोय? जावई बसतो माझा. गाडीला गाडी. बोल!”

“गाडीला गाडी.”

असं झालं, ताई. हरेल त्याने जागच्या जागी किल्ली द्यायची. मी माशांवर तिखट भुरभुरत होते, माझ्या हातून डबाच उपडा झाला. कारण टायरीक जिंकला तर काय करणार हे त्याने मला आधीच सांगितलं होतं. दोन्ही गाड्या घेऊन फ्लोरिडा, जॉर्जिया, टेक्सास, जिथे जिथे पट्टी आहे तिथे. घर बंद करून माझी सोय कझिन युलालीकडे. “आजी, मी बाबांचं नाव सगळीकडे नेणार.” नाव न्यायला हरकत नाही रे बाबा, पण त्या नावाचा दगड मी दर रविवारी पुसते.

तो शनिवार उजाडला. मी गेले. मी त्या जागी एल्मोरनंतर पाय ठेवला नव्हता, पण शेवटचा दिवस, आणि मला उकडलेल्या शेंगा विकायच्या होत्या. दुपारी डीकन आला, टोपी काढली. म्हणाला, “मदर अर्व्हेला, रेव्हरंड कोलंबियाला गेलेत. सुरू करण्याआधी तुम्हीच दोन शब्द प्रार्थना करा.” (मला इथे सगळे मदरच म्हणतात आता. पहिल्या बाकावर पांढऱ्या टोपीत बसायला लागल्यापासून.) पण शेंगा नेमक्या उकळीला आल्या होत्या. मी म्हटलं, नंतर करते. मग नंतर गिऱ्हाईक आलं. मग पाय दुखायला लागला. एक शर्यत झाली, दुसरी झाली, पोरं मला विचारून गेली आणि मी आपली शेंगा ढवळतेय. शेवटी टायरीकची आणि डीकनच्या जावयाची वेळ आली. दोघांनी चाकं जागच्या जागी फिरवून टायरांचा धूर केला, इंजिनं तापली, दोघांनी गाड्या लाइनवर आणून लावल्या, आणि नेमकी तेव्हाच मला फुरसत मिळाली.

मी काठी टेकत टेकत मधोमध जाऊन उभी राहिले आणि हात वर केला. इंजिनं बंद करावी लागली. मदरने हात वर केल्यावर इंजिन चालू ठेवायला अजून कोणी जन्मलेला नाही. चारशे-पाचशे माणसांनी टोप्या काढल्या. मी एक हात डीकनच्या गाडीवर ठेवला आणि एक एल्मोरच्या डब्यावर. असा गार होता तो डबा, ताई! दवाने भिजलेला, तळहात बधिर होईल असा. आत पंप गुरगुरत होता. आणि मी सुरुवात केली.

आता माझी प्रार्थना तुला माहीत आहे. एकदा गाडी सुटली की मधे स्टेशन नाही. मी आधी आभार मानले. मग ज्याने ही जमीन पहिल्यांदा नांगरली त्याच्यासाठी प्रार्थना केली, ज्याने डांबर ओतलं त्याच्यासाठी केली, तिथे मासे-पाव विकणाऱ्या बाईसाठी केली, तिच्या मोतीबिंदूसाठी केली. गावातले आजारी घेतले, एकेक नावानिशी. तुरुंगातले घेतले. परगावी गेलेले घेतले, त्यात तूही होतीस, तुझे पाय होते. डीकनच्या वाढलेल्या साखरेसाठी वेगळी केली. लोक म्हणत होते, “आमेन!” आणि त्या आमेनमधे जरा घाई होती, पण मी म्हणायचे, “आणि हे प्रभू...” की परत सगळ्यांच्या माना खाली. ऊन तिरपं होऊन थेट गाड्यांवर आलं होतं. टायरीक हेल्मेटच्या आतून काहीतरी खुणा करत होता. मला वाटलं पोराला भरून आलंय. आणि डीकन! डीकनला मी इतकी वर्षं ओळखते, पण तो इतका भाविक आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याने मधेच एक डोळा उघडून टायरीकच्या गाडीखाली टपटप पडणारं पाणी पाहिलं, आणि त्यानंतर तो असा काही भरात आला, की विचारू नकोस. “हो प्रभू! बोला मदर! घाई करू नका मदर! अजून बोला!” माझा तळहात बधिर होता तो हळूहळू मोकळा झाला, मग कोमट झाला, मग ऊब आली, आणि मी म्हटलं, आमेन.

टायरीक ओरडला, “मला मागे जाऊ द्या, बर्फ घालू द्या!” बर्फाची पेटी होती तिकडे ट्रकमधे, मैदानाच्या टोकाला. डीकनने डोळे पुसले (खरंच पुसले) आणि म्हणाला, “बाळा, नियम तुझ्या बापानेच केलेला आहे. लाइनवर आल्यावर जो मागे गेला तो हरला.” हे खरं होतं. एल्मोरनेच केला होता, डीकनला पोटदुखीच्या नावाखाली पळता येऊ नये म्हणून. वर दिवेवाला ओरडतोय, सूर्य चालला, सूर्य चालला. तिथे आकडे दाखवत नाहीत, कोणाला किती वेळ लागला हे कोणालाच कळू देत नाहीत, नुसता जिंकणाऱ्याच्या बाजूला दिवा लागतो. सुटायचा दिवा हिरवा झाला. दोघं सुटले. टायरीकची गाडी पहिल्यांदा झेपावली, आणि अर्ध्यावर तिच्यातून भसकन पांढरा धूर आला. पिस्टनला भोक पडलं म्हणतात. गार हवेसाठी जुळवलेलं इंजिन, त्याला दिली कढत हवा. तो हात वर करून कडेकडेने घरंगळत गेला आणि झाडांच्या कितीतरी आधी थांबला. दिवा डीकनच्या बाजूला लागला.

टायरीक पायी चालत परत आला, डीकनच्या हातात किल्ली ठेवली आणि ट्रकमधे जाऊन बसला. मी शेंगांचं पातेलं उचलून शेजारी बसले. घराशी उतरताना म्हणाला, “आजी, तुला मोतीबिंदूसुद्धा सोडवला नाही?” तेवढंच. त्यानंतर तो पलंगावर आहे. गाव म्हणतं, म्हाताऱ्या बाईचं तोंड, काय करणार. कोणी म्हणतं एल्मोर थडग्यात कुशीवर वळला असेल. आणि मी काय सांगू तुला, शेड रिकामी झाली आहे! मी तिथे दोरी बांधली, चादरी वाळत घातल्या. शुक्रवारी रात्री मी झोपले, ताई. सरळ सकाळपर्यंत झोपले. फ्रीजरमधे कोंबडी आहे.

तर असा सगळा आनंद आहे. तुझ्या पायांना एप्सम मिठाच्या पाण्यात ठेवत जा, जेवणातलं मीठ तिकडे घाल. सगळ्यांना आशीर्वाद. देवाने ठेवलं तर नाताळात भेटू.

तुझी धाकटी,
अर्व्हेला

ता. क. तू मनात म्हणत असशील, ही वेडी. तर मी वेडी नाही. वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात तो बर्फ किती टिकतो, कशाने वितळतो, याच्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. मी शेंगा मुद्दाम ढवळत बसले आणि हात डब्यावर मुद्दाम ठेवला. प्रार्थना मात्र खोटी नव्हती हो. मासेवालीच्या डोळ्याचं मी मनापासूनच मागितलं. पण पिस्टनला भोक पडेल हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं गाडी नुसती मंदावेल. तो पांढरा धूर आला तेव्हा मी नुसती त्या झाडांकडे बघत होते. त्याने हात वर केलेला दिसला, मग म्हटलं, “आभारी आहे.” त्या दिवसातली तेवढीच एक आखूड प्रार्थना झाली. हे वाचून झाल्यावर चुलीत घाल.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, परत काढलं. काल डीकन गॅड्सन आला. टोपी हातात. म्हणाला, गाडी माझी, पण तिच्या पोटातलं मला काही कळत नाही, आणि तो डबा कसा जोडायचा हे तुझ्या बापानंतर तूच जाणतोस, तर टायरीक, तू ये आणि तिला उभी कर, आणि उभी केलीस तर जावयाला बाजूला करून तूच बस. ताई, पोरगा पलंगावरून असा उठला, जसा थडग्यातून लाजर! दोन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “आजी, भूक लागलीय.” मी त्याला अंडी करून दिली आणि तव्याकडे तोंड करून उभी राहिले.

म्हणून आता खरं काम सांगते. तू जरा आजारी पड. गुडघ्याचं नको, गुडघ्याला कोणी येत नाही. छातीचं नको, अख्खं चर्च बस करून येईल. डोळ्यांचं बरं. म्हण की पट्टी बांधलीय, दवाखान्यात न्यायला कोणी नाही, आणि मला माझ्या एल्मोरचा मुलगाच हवा. तुझ्या शब्दाबाहेर तो जाणार नाही. नंतर तिथे त्याला कुठे कामाला चिकटव. मी त्याला सांगून टाकलंय की तुझी पट्टी रविवारीच बांधली, तेव्हा तू रविवारपासून आजारी आहेस, लक्षात ठेव.

ता. क. तिसरा. तो हो म्हणाला! लगेच म्हणाला. मी हर्षाने रडले. मग बाहेर आवाज आला म्हणून खिडकीतून पाहिलं तर तो आणि डीकन मिळून ते इंजिन माझ्या मोटारीच्या मागच्या सीटवर चढवतायत, आणि पट्ट्याने असं बांधतायत जसं तान्हं मूल. म्हणतो डेट्रॉइटला पिस्टन चांगले मिळतात, आणि लुव्हीआजीकडे रिकामं तळघर आहे. तू त्याला जागा नाही म्हणून सांग. नको, थांब. जागा आहे म्हण. तुझ्या घरात ते इंजिन असेल तर तोही तुझ्या घरात असेल, आणि ते उघडं पडलंय तोवर त्याच्यावर बसून कुठे जाता येत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचतील दोघं, पोरगा आणि इंजिन. इंजिनाखाली जुनी चादर घाल, तेल गळतं.